युद्धातल्या कुत्र्याचा सिनेमा मुलांना दाखवताय? आधी सूचना कशी लिहायची ते बघा

सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयात, उन्हाळी शिबिरात किंवा नुसतं घरी मामे-चुलत भावंडं जमलीत म्हणून सिनेमा लावायचं ठरतं. पोस्टरवर एक कुत्रा, शेजारी मुलगा, मागे झेंडा, सगळ्यांना वाटतं फॅमिली सिनेमा आहे, काय प्रॉब्लेम असणार. मग ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "शेवटी कुत्रा मरतो का हो?" आणि कुणीतरी "नाही नाही, जगतो" असं टाकतं, आणि विषय संपतो.

तिथेच तो संपायला नको असं मला अगदी मनापासून वाटतं. कुत्रा जगला तरी त्या दीड-दोन तासात त्याचा माणूस मरू शकतो, त्याला मारून टाकायचं ठरू शकतं, तो ओरडत विव्हळत असू शकतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला शेवटचा गोड सीन आठवत नाही, मधलं विव्हळणं आठवतं. त्यामुळे चांगली सूचना म्हणजे काय दिसतं, काय ऐकू येतं, किती वेळ चालतं आणि त्यातून पुढे काय होतं हे आईवडिलांना नेमकं कळणं, मग दाखवायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. ती कशी तयार करायची ते खाली एकेक पायरी करून लिहितोय. उदाहरणासाठी दोन सिनेमे घेतलेत, २०१५ चा 'मॅक्स' आणि २०१८ चा अ‍ॅनिमेशनवाला 'सार्जंट स्टबी'.

पायरी १: सर्टिफिकेट बघा, पण तिथे थांबू नका

आपल्याकडे थिएटरच्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड यू, यूए, ए असे शिक्के देतं, आणि २०२४ च्या नव्या नियमांपासून यूए चे सुद्धा ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, ही खूप चांगली गोष्ट झाली कारण आधी नुसतं यूए म्हटलं की सात वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचं पोर एकाच पोत्यात. ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे वयाचा आकडा आणि शेजारी एका ओळीत कारण दिसतं, हिंसा, भाषा वगैरे. ती ओळ दोन सेकंदात जाते, तेव्हा पॉज करून वाचा.

पण हे का पुरत नाही ते या दोन सिनेमांवरून लगेच कळतं. अमेरिकेत दोघांनाही एकच पीजी शिक्का आहे, म्हणजे पालकांनी सोबत राहून मार्गदर्शन करावं असा. 'स्टबी' ला कारण दिलंय युद्धाची अ‍ॅक्शन आणि काही गंभीर विषय, 'मॅक्स' ला अ‍ॅक्शनमधली हिंसा, धोक्याचे प्रसंग, थोडी भाषा आणि काही गंभीर विषय. आता प्रत्यक्षात बघा, एक आहे पहिल्या महायुद्धावरचं कार्टून, खंदक आहेत, तोफा आहेत, पण रेषा मऊ आणि रक्त जवळजवळ नाहीच. दुसऱ्यात खरीखुरी माणसं, खरा कुत्रा, भावाची शवपेटी, कुत्र्यांची झुंज, बंदुका घेतलेले गुंड. शिक्का तोच पण सात वर्षांच्या मुलासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि 'काही गंभीर विषय' या शब्दांतून शवपेटी आहे हे कुणाला कळणार?

पायरी २: स्वतः पूर्ण बघा, हातात वही घेऊन

ट्रेलर बघून किंवा कुणाचं तरी ऐकून सूचना लिहू नका, पूर्ण सिनेमा बघा, आणि जमलं तर मुलं जिथे बघणार आहेत त्याच आवाजात बघा. वहीत चार रकाने पाडा: वेळ, काय घडतं, कसं कळतं, पुढे काय होतं.

'कसं कळतं' हा रकाना मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. एखादी गोष्ट पडद्यावर दिसते, किंवा नुसती ऐकू येते, किंवा कुणीतरी ती सांगतं, हे तीन वेगवेगळे अनुभव आहेत. सैनिक पडताना दिसणं वेगळं, दाराबाहेर गणवेशातली माणसं येऊन उभी राहणं वेगळं. आणि कुत्र्यांच्या सिनेमात आवाज हा फार मोठा भाग असतो, मुलं डोळे झाकू शकतात पण कान झाकून घेतले तरी विव्हळणं आत येतंच. म्हणून "कुत्रा कण्हतो, अर्धा मिनिट, दिसत नाही" अशी नोंदसुद्धा करा. घरात कुत्रा असेल तर तोही त्या आवाजाने उठून बसतो, भुंकायला लागतो, आणि मग मुलं अजून घाबरतात, हे लक्षात ठेवा.

काय काय शोधायचं? कुत्र्याला लागणं, उपाशी किंवा बांधलेला असणं, माणसापासून ताटातूट, पिंजरा, डॉक्टरकडचं इंजेक्शन, दुसऱ्या कुत्र्याशी झुंज, कुत्र्याने माणसाला चावणं (हे लोक नेहमी विसरतात). मग माणसांचं: मृत्यू, अंत्यविधी, रडणारी आई, चिडलेला बाप. मग युद्धाचं: स्फोट, गोळीबार, विषारी वायू, गॅस मास्क घातलेले चेहरे. हे मास्क लहान मुलांना भुतासारखे वाटतात, मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. आणि शेवटी बाकीचं, म्हणजे शिव्या, दादागिरी, चोरी, मुलांनी आईवडिलांशी खोटं बोलणं. 'मॅक्स' मधला टीनएजर मुलगा पायरेटेड व्हिडिओ गेम विकत असतो, ही भीतीची गोष्ट नाही पण घरी गेल्यावर प्रश्न येणार, तर आईवडिलांना माहीत असलेलं बरं.

पायरी ३: नोंदींना वजन द्या

वहीत पंचवीस नोंदी झाल्या की सगळ्या पाठवायच्या नाहीत, एवढं कुणी वाचत नाही. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. किती वेळ चालतं? मुलाला आधी कळतं का, की अचानक अंगावर येतं? आणि त्यातून सुटका लगेच होते का, की मुलाला ते ओझं घेऊन अर्धा तास बसावं लागतं?

हा तिसरा प्रश्न 'मॅक्स' मध्ये फार कामाला येतो. सुरुवातीलाच अफगाणिस्तानात कंदाहारच्या भागात मोठा भाऊ काइल मारला जातो, टेक्सासमध्ये घरी बातमी येते, आणि अंत्यविधीला मॅक्स, म्हणजे त्याचा बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा कुत्रा, शवपेटीपाशी जातो आणि तिथून हलायला तयार नसतो. रक्त नाही, किंकाळी नाही, कुठल्याही हिंसेच्या यादीत हा सीन बसणार नाही. पण माझ्या मते सगळ्यात वर लिहायचा सीन हाच, कारण हे दुःख पुढच्या अख्ख्या सिनेमावर पसरलेलं आहे आणि भाऊ परत येत नाही. उलट शेवटच्या भागातली पळापळ आणि गोळीबार दिसायला जास्त भयंकर, पण तिथे मुलं खुर्चीच्या टोकाला येऊन बघतात आणि सुटका झाली की टाळ्या वाजवतात.

पायरी ४: शेवट सांगायचा का?

यावर वाद होतात. मोठ्यांना शेवट फुटला की राग येतो, बरोबर आहे त्यांचं. पण दहा वर्षांखालच्या मुलांसाठी असेल तर कुत्र्याचं काय होतं ते पालकांना सांगावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. "कुत्रा शेवटी जिवंत आणि घरी आहे" एवढं माहीत असलेलं पोर मधला कठीण भाग सहन करतं, सिनेमाचा आनंद काही कमी होत नाही, मुलं तर एकच सिनेमा पन्नास वेळा बघतात, शेवट पाठ असतो तरी बघतातच.

उपाय सोपा आहे. सूचना दोन भागात लिहा. वरच्या भागात शेवट न फोडता काय आहे ते, मग चार-पाच रिकाम्या ओळी सोडून "शेवट माहीत हवा असेल तरच खाली वाचा". व्हॉट्सअ‍ॅपवर एवढ्या ओळी सोडल्या की 'पुढे वाचा' च्या मागे जातं, आपोआप झाकलं जातं.

पायरी ५: आता लिहा

"काही दृश्ये विचलित करू शकतात" हे वाक्य लिहू नका. "संवेदनशील मुलांनी टाळावे" हे तर अजिबात नको, कारण कुठली आई म्हणेल माझं मूल संवेदनशील नाही? आणि "तुम्ही रडणार" असंही नको, कुणाला काय वाटेल ते आपण ठरवायचं नाही, काय आहे ते सांगायचं. 'मॅक्स' साठी मी असं लिहीन:

*सिनेमा: मॅक्स (२०१५), अमेरिकन, खरी माणसं आणि खरा कुत्रा, १११ मिनिटं. आमच्या मते १० वर्षांपासून पुढे, त्याहून लहान मुलांसोबत मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.*

*सुरुवातीला युद्धातली चकमक आणि स्फोट. नायकाचा मोठा भाऊ सैन्यात मारला जातो, अंत्यविधी आणि शवपेटी दिसते, कुत्रा तिथे शोक करतो. कुत्रा सांभाळता येत नाही म्हणून त्याला मारून टाकण्याची गोष्ट निघते. ४ जुलैच्या (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) फटाक्यांना कुत्रा खूप घाबरतो. रॉटवायलर कुत्र्यांशी झुंज आहे. शेवटच्या भागात बंदुका, पाठलाग, मुलाचे वडील गुंडांच्या ताब्यात. थोड्या शिव्या. बापलेकात कडाक्याची भांडणं.*

*शेवट हवा असेल तर: कुत्रा जगतो, कुटुंबासोबत राहतो. वडीलही सुखरूप.*

एवढंच. मोबाईलवर एका स्क्रीनमध्ये बसलं पाहिजे. वेळा टाकायच्या असतील तर तुमच्याकडच्या कॉपीवर बघून टाका, कारण टीव्हीवरच्या प्रतीत जाहिराती आणि काटछाट असते.

'स्टबी' ची सूचना याच्या अर्धी होईल: तोफांचा मारा, विषारी वायूचा हल्ला, सैनिकांचे मृत्यू, स्टबी जखमी होतो. आणि खाली, स्टबी जगतो आणि युद्ध संपल्यावर आपल्या माणसासोबत घरी परततो. वय मी ७ पासून पुढे म्हणेन.

पायरी ६: आपल्या समोरची मुलं कोण आहेत?

इथे जरा थांबून विचार करा, कारण तयार सूचना कितीही चांगली असली तरी ती तुमच्या हॉलमधल्या मुलांना ओळखत नाही.

सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे तर घरटी कुणी ना कुणी फौजेत. ज्या मुलीचे बाबा आत्ता या क्षणी पोस्टिंगवर आहेत तिच्यासाठी 'मॅक्स' मधला बातमी येण्याचा प्रसंग हा सिनेमा नाही, रोज रात्री आईच्या चेहऱ्यावर दिसणारी भीती आहे. अशा घरी ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नका, फोन करा, तिच्या आईला सांगा की सुरुवातीलाच असं असं आहे, तुम्हाला काय वाटतं. काही जणी म्हणतात येऊ दे, काही म्हणतात नको, दोन्ही बरोबर. "तिलाच बघू दे, सैनिकाची मुलगी आहे, खंबीर आहे" असं बाहेरच्यांनी म्हणू नये, खंबीर असायची जबाबदारी आठ वर्षांच्या पोरीची नाही.

नुकताच घरचा कुत्रा किंवा मांजर गेलेली मुलं, त्यांच्यासाठी इंजेक्शन देऊन मारण्याचा विषय कठीण असतो, कारण त्यांनी तो निर्णय घरात घेतलेला पाहिलेला असतो. रस्त्यावरच्या कुत्र्याने चावलेली, रेबीजची इंजेक्शनं घेतलेली मुलं, त्यांच्यासाठी दात दाखवून गुरगुरणाऱ्या मॅलिनॉइसचा क्लोजअप हीच भीती, बाकी कशाचं काही नाही. फटाक्यांना घाबरणारी मुलंही असतात, आवाज सहन न होणारी ऑटिस्टिक मुलं असतात, त्यांच्यासाठी आवाज कमी ठेवा, बेस कमी करा, दाराजवळची जागा ठेवा आणि मोठे आवाज कधी येणार ते आधी सांगा.

फटाक्यांच्या सीनचं एक चांगलं पण आहे. दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसलेला कुत्रा आपल्या मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे युद्धाहून आलेला कुत्रा का घाबरतो हे त्यांना अमेरिकेतल्या मुलांइतकंच लगेच कळतं. हा सीन टाळू नका, यावर मुलं खूप छान बोलतात.

पायरी ७: मुलांना काय सांगायचं

सिनेमा लावायच्या आधी दोन मिनिटं. लांबण नको. "यात एक सैनिक मरतो, सुरुवातीलाच. कुत्र्याला वाईट वाटतं. कुत्र्याला धोका आहे पण तो शेवटी बरा असतो. कुणालाही बाहेर जावंसं वाटलं तर हात वर करायचा नाही, विचारायचं नाही, सरळ उठून ताईकडे जायचं." बाहेर कुणीतरी मोठं बसलेलं हवं, पाणी हवं, चित्रं काढायला कागद हवेत, आणि परत आत येणाऱ्याला कुणी हसायचं नाही हेही आधीच सांगायचं.

मारून टाकण्याबद्दल विचारलं तर गोल गोल बोलू नका. "त्याला झोपवणार" म्हटलं की लहान मूल रात्री झोपायला घाबरतं. "तो आता कुणाचं ऐकत नाही, चावेल म्हणून त्याला मारून टाकायचं म्हणतायत, पण मुलगा त्याला वाचवतो" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

आणि "त्या कुत्र्याला खरंच लागलं का?" हा प्रश्न येणारच. शूटिंगमध्ये एका पात्राचं काम बऱ्याचदा अनेक सारखे दिसणारे कुत्रे वाटून करतात, एक पळण्यात हुशार, एक शांत पडून राहण्यात, रक्त म्हणजे रंग, आणि कण्हण्याचा आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत घालतात. भारतात सिनेमात प्राणी वापरायचे तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, म्हणून सुरुवातीला ती पाटी येते. अमेरिकेत सेटवर प्राण्यांवर लक्ष ठेवणं सुरू झालं ते १९३९ च्या एका वेस्टर्न सिनेमात घोड्याला कड्यावरून खाली घालवलं आणि लोक भडकले त्यानंतर. मोठ्या मुलांना हे सांगा, त्यांना आवडतं, लहानांना नको.

पायरी ८: सिनेमानंतर मोबाईलवर काय सापडेल त्याचीही सूचना

हे कुणीच लिहीत नाही आणि मला हे फार गरजेचं वाटतं. 'खऱ्या गोष्टीवर आधारित' म्हटलं की मुलं घरी जाऊन सर्च करणार.

स्टबीची खरी गोष्ट: १९१७ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये येल विद्यापीठाच्या मैदानावर सैनिक ट्रेनिंग घेत होते, तिथे हा भटका कुत्रा आला, रॉबर्ट कॉनरॉय नावाच्या सैनिकाने त्याला सांभाळलं, लपवून बोटीवर चढवलं आणि तो १०२व्या इन्फंट्री रेजिमेंटसोबत फ्रान्सला पोचला. वायूचा वास त्याला माणसांच्या आधी यायचा. १९१८ च्या एप्रिलमध्ये ग्रेनेडचे तुकडे लागून जखमी झाला, बरा झाला, परत आघाडीवर गेला. युद्धानंतर परेडमध्ये फिरला, राष्ट्राध्यक्षांना भेटला आणि १९२६ मध्ये कॉनरॉयजवळच गेला. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर त्याची कातडी भरून ठेवली, आणि तो आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. सर्च केलं की पहिल्या काही फोटोंत तो भरलेला स्टबी दिसतो. कार्टूनमधल्या गोड कुत्र्यावर जीव जडलेल्या मुलाला हा फोटो एकट्याने रात्री बघायला मिळू नये, तर सूचनेच्या खाली एक ओळ टाका: "खऱ्या स्टबीचे फोटो मुलांसोबत बसून बघा."

'मॅक्स' नंतर मुलं विचारतात की सैन्यातल्या कुत्र्यांना खरंच मारतात का. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० कुत्रे नेले होते, त्यातले फार थोडे परत आले, बाकीचे तिथेच सोडले किंवा मारले गेले. २००० साली अमेरिकेत कायदा झाला आणि निवृत्त कुत्र्यांना हँडलरने (त्यांना सांभाळणाऱ्या सैनिकाने) किंवा इतरांनी दत्तक घ्यायची वाट खुली झाली. बारा-तेराच्या मुलांना हे पूर्ण सांगा, लहानांना एवढंच की आता त्यांना घर मिळू शकतं.

आपल्याकडचे पण विषय निघतील. आपल्या सैन्यातले कुत्रे मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. काश्मीरमध्ये २०२२ च्या जुलैत बारामुल्लाला अ‍ॅक्सेल गेला, ऑक्टोबरमध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागून झूम गेला, २०२३ च्या सप्टेंबरात राजौरीला केंट नावाची लॅब्रॅडोर कुत्री हँडलरला वाचवताना गेली. हे कुत्रे जगले नाहीत. सिनेमातला कुत्रा वाचला म्हणून आनंदात असलेल्या मुलाला हे त्याच संध्याकाळी सांगायची घाई करू नका, त्याने विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट बऱ्याच मराठी मुलांनी सहलीत ऐकलेली असते, ती मुलं स्वतःच तिथे जाऊन पोचतात, "तो पण असाच का?" म्हणून. बोलू द्या त्यांना.

पायरी ९: सूचना जपून ठेवा आणि दुरुस्त करा

सिनेमा झाल्यावर कुठल्या सीनला कोण बाहेर गेलं, कुठे शांतता झाली, घरी गेल्यावर कुणी काय विचारलं हे दोन-तीन दिवसांनी पालकांना विचारून घ्या, मुलांची नावं न लिहिता. झोपताना रडलं, लाईट चालू ठेव म्हणालं, परत परत तोच प्रश्न विचारला, हे सगळं कामाचं. मग मूळ सूचनेत फेरफार करा, वय वर-खाली करा, जे कुणाला खटकलंच नाही ते काढून टाका, जे सुटलं होतं ते घाला, आणि तारीख टाकून ग्रुपच्या फाईलमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या सुट्टीत दुसऱ्या कुणी तोच सिनेमा लावला तर त्यांना आयती मिळेल.